दोन सूत्रांच्या सांध्यावर

मुंबईच्या जुन्या रिक्षा-टॅक्सींचं मीटर भाडं सांगत नसे. ड्रायव्हरने झेंडा पाडला, म्हणजे मीटर डाउन केलं, की लोखंडी डब्याच्या खिडकीत १.०० असा आकडा यायचा आणि गाडी धावेल तसा तो हळूहळू वर सरकायचा. बऱ्यापैकी लांबचा प्रवास झाला तरी तिथे तीन-साडेतीनच दिसे. शहरात नवखा असलेला माणूस तेवढेच पैसे काढून उतरायला लागला, की ड्रायव्हर एक मळकं कार्ड पुढे करत असे. टॅरिफ कार्ड. एका रकान्यात मीटरचा आकडा, दुसऱ्यात द्यायचे रुपये.

हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण त्यामागे व्यवहार होता. मीटर यांत्रिक होतं. चाकाच्या फेऱ्या दातेरी चक्रांमधून त्या आकड्यापर्यंत पोचत. भाडेवाढ झाली की शहरभरच्या मीटरांची चक्रं बदलण्यापेक्षा नवं कार्ड छापून वाटणं कितीतरी स्वस्त पडे. म्हणून मीटर जुनंच राहिलं आणि कार्डं बदलत गेली. नेहमीचे प्रवासी तर कार्डाचीही वाट पाहत नसत. मीटरच्या आकड्याला अमुक एका संख्येने गुणायचं, वर एखाददुसरा रुपया मिळवायचा, हा हिशोब त्यांना तोंडपाठ असे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचं झालं, थेट रुपयेच दिसू लागले आणि मधली पायरी संपली.

त्या मधल्या पायरीला बीजगणितात जागा आहे. अंतरावरून मीटरचा आकडा ठरतो, हा एक नियम. आकड्यावरून भाडं ठरतं, हा दुसरा. पहिल्यातून जे बाहेर पडतं ते दुसऱ्यात घालायचं आणि अंतरावरून थेट भाडं सांगणारा तिसरा नियम मिळवायचा. दोन फलनांचं संयोजन म्हणतात ते हेच. अकरावी-बारावीच्या गणितात ते कंसात कंस घालून शिकवलं जातं आणि बहुतेकांना ते कंसांचंच प्रकरण वाटतं.

फलन म्हणजे एक संख्या घेऊन ठरलेल्या रीतीने दुसरी संख्या देणारा नियम. त्यातला सगळ्यात साधा प्रकार रेषीय: आलेल्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचं आणि एक ठरावीक संख्या मिळवायची. आलेख काढला तर सरळ रेषा येते. गुणायची संख्या म्हणजे त्या रेषेचा चढ. मिळवायची संख्या म्हणजे नियमात शून्य घातलं तर जे उत्तर येतं ते. (विद्यापीठातले गणिती बेरजेचा आकडा शून्य असेल तरच नियमाला रेषीय म्हणतात आणि बाकीच्यांसाठी निराळं नाव वापरतात. शाळेत एवढा सोवळेपणा पाळत नाहीत, इथेही नको.)

आता सोयीचे आकडे धरून ते कार्ड मांडून पाहता येईल. समजा पहिल्या दीड किलोमीटरला मीटर १.०० दाखवतं आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ०.६० ने वाढतं. अंतर क्ष किलोमीटर असेल, तर दीड किलोमीटरच्या पुढे मीटरचा आकडा ०.६ × क्ष + ०.१ इतका येतो. कार्ड सांगतं, आकड्याला दहाने गुणा आणि एक रुपया मिळवा. तर भाडं झालं १० × (०.६ × क्ष + ०.१) + १. कंस सोडवला की ६ × क्ष + २. पाच किलोमीटरला मीटरवर ३.१० आणि खिशातून ३२ रुपये; नव्या सूत्रानेही पाच सक तीस आणि दोन, बत्तीसच. दोन पायऱ्यांची एक पायरी झाली.

त्या उत्तरातला ६ कुठून आला हे कोणीही सांगेल: ०.६ ला दहाने गुणलं. चढांचा गुणाकार होतो, बस्स. खरा मजकूर त्या २ मध्ये आहे. कार्डावरचा एक रुपया आणि मीटरमधला ०.१ यांची ती बेरीज नाही. मीटरमधला ०.१ आधी कार्डाच्या दहामधून गेला, त्याचा १ झाला आणि मग त्यात कार्डाचा १ मिळाला. म्हणजे आतल्या नियमात जे काही मिळवलेलं असतं, त्यावर बाहेरच्या नियमाचा गुणाकार लागू होतोच. सूत्रात लिहायचं तर बाहेरचा नियम अ × क्ष + ब असेल आणि आतला प × क्ष + त असेल, तर दोन्ही मिळून अ × प × क्ष + (अ × त + ब). परीक्षेच्या घाईत कंसाच्या जागी त + ब लिहिलं जातं. चढ बरोबर, उत्तर चूक. पेपर तपासणाऱ्याच्या ओळखीची ही चूक आहे आणि ती वर्गापुरती राहत नाही.

तापमानाचं उदाहरण घ्यावं. भारतात एकाच घरात दोन पट्ट्या नांदतात. हवामानाच्या बातम्यांतला उन्हाळा सेल्सिअसमध्ये असतो आणि काखेतला ताप पुष्कळ घरांत अजून फॅरनहाइटमध्ये मोजला जातो. बाहेर ४२ आणि पोराला १०२, दोन्ही आकडे एका वाक्यात येतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही. सेल्सिअसला १.८ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट. उलट जायचं तर आधी ३२ वजा करायचे आणि मग १.८ ने भागायचं. भौतिकशास्त्राला तिसरी पट्टी लागते, केल्विन. ती सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून मिळते. तापाच्या आकड्यावरून थेट केल्विन काढायचं असेल तर दोन सूत्रं जोडायची, आणि हाती येतं: फॅरनहाइट × ५/९ + २५५.३७. थर्मामीटरवरच्या ९८.६ ला या सूत्रातून काढलं की ३१०.१५ केल्विन, म्हणजे आपले ३७ सेल्सिअस.

२५५.३७ ही संख्या मूळ दोन्ही सूत्रांत कुठेच नव्हती. जोडणीतून ती जन्माला आली, पण ती अगम्य नाही. शून्य फॅरनहाइट म्हणजे किती केल्विन, याचं ते उत्तर आहे. कुठल्याही संयोजनात बेरजेचा आकडा हेच सांगतो: पहिल्या टोकाला शून्य घातलं तर दुसऱ्या टोकाला काय पडतं. त्यामुळे कंस सोडवण्याचा कंटाळा असलेल्यांना एक पळवाट आहे. शून्य घालून दोन्ही पायऱ्या चालून जायचं, बेरजेचा आकडा मिळाला. मग एक घालून पुन्हा चालायचं. दोन उत्तरांतला फरक म्हणजे चढ. सरळ रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात.

अठराव्या शतकात या पट्ट्यांचा आणखी घोळ होता. सेल्सिअस हे नाव ज्यांच्यावरून आलं, त्या स्वीडनमधल्या उप्सालाच्या आंदर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेली पट्टी आजच्या उलट होती. पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००. ते १७४४ मध्ये वारले आणि त्यानंतर ती पालथी करण्यात आली. मूळची पट्टी आजच्या भाषेत १०० − क्ष. या सूत्राची गंमत अशी की ते स्वतःशीच जोडलं तर १०० − (१०० − क्ष), म्हणजे पुन्हा क्ष. दोनदा पालथं केलं की सुलटं. त्याच काळात रशियात दलिल यांची पट्टी चाले. तिच्यातही उकळबिंदू ०, पण गोठणबिंदू १५०. दलिलवरून सेल्सिअस, सेल्सिअसवरून फॅरनहाइट अशी साखळी जोडली तर सगळे अपूर्णांक विरघळून २१२ − १.२ × क्ष एवढं सुटसुटीत सूत्र उरतं. दीडशे घालून पाहिलं तर ३२ येतात, पाणी गोठलं.

तापमानात सर्वांत जास्त फसगत होते ती मात्र तापमानाच्या फरकात. २०१५ च्या पॅरिस करारातली १.५ अंश सेल्सिअस तापमानवाढीची मर्यादा फॅरनहाइटमध्ये किती? एककं बदलून देणाऱ्या यंत्रात १.५ टाकलं की ते ३४.७ सांगतं. पृथ्वी चौतीस अंशांनी तापणार असेल तर करार करायला कोणी उरणार नाही. खरं उत्तर २.७ आहे. फरक काढायचा म्हणजे दोन तापमानं फॅरनहाइटमध्ये नेऊन त्यांची वजाबाकी करायची, आणि त्या वजाबाकीत दोन्हीकडचे ३२ एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो फक्त चढ. तापमानासाठी एक सूत्र आणि तापमानवाढीसाठी दुसरं, हे बदलयंत्राला कोणी सांगत नाही. ते माणसाने आधी ओळखायचं असतं.

बेरजेच्या आकड्यात लपलेली चूक किती महाग पडू शकते, याचा नमुना २३ जुलै १९८३ चा आहे. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ जातीचं विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान नवं होतं आणि त्या कंपनीच्या ताफ्यात मेट्रिक एककं वापरणाऱ्या पहिल्या विमानांपैकी एक होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती. म्हणून टाक्यांत पट्टी घालून इंधन मोजलं गेलं आणि कागदावर हिशोब झाला. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होतं. प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. पट्टी लिटर सांगते, गरज किलोत आहे आणि टँकर पुन्हा लिटरमध्ये भरतो. म्हणजे तीन नियमांची साखळी: लिटरचे किलो करा, गरजेतून वजा करा, उरलेल्या किलोंचे परत लिटर करा.

लिटरचे किलो करण्यासाठी वापरला गेला तो आकडा होता १.७७. हा आकडा खोटा नव्हता. विमानाच्या इंधनाचं एक लिटर १.७७ पौंड भरतं. किलोत ते ०.८ च्या आसपास असतं. जुन्या विमानांसाठी वर्षानुवर्षं वापरलेला पौंडांचा आकडा किलोंच्या रकान्यात बसला. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते २२,३०० मधून वजा केले, ८,७०३ उरले. त्यांना १.७७ ने भागलं, सुमारे ४,९१७ लिटर. तेवढं भरलं गेलं. योग्य आकडा घेतला असता तर २०,००० लिटरहून थोडं अधिक भरावं लागलं असतं.

आता ही तीन सूत्रं जोडून एक करून पाहिली की चुकीचा स्वभाव कळतो. टाकीतलं इंधन क्ष लिटर असेल, तर आधी १.७७ ने गुणायचं, मग २२,३०० मधून वजा करायचं, मग १.७७ ने भागायचं. गुणाकार आणि भागाकार एकमेकांना रद्द करतात आणि उरतं १२,५९९ − क्ष. योग्य आकड्याने हेच केलं तर २७,७७१ − क्ष. दोन्ही सूत्रांचा चढ अगदी सारखा, उणे एक. टाकीत शंभर लिटर जास्त असतील तर शंभर कमी भरा, हे दोन्ही सूत्रं सांगतात आणि बरोबर सांगतात. त्यामुळे पट्टीने मोजलेला आकडा थोडा पुढेमागे करून हिशोब पडताळला तरी काही वावगं दिसणार नाही. सगळी चूक एका ठरावीक संख्येत जाऊन बसली: २७,७७१ च्या जागी १२,५९९. गरजेच्या निम्म्याहून कमी. ओटावाला पुन्हा इंधन मोजलं गेलं, पण गुणाकाराला तोच १.७७ घेतला. एकच चुकीचा दुवा दोनदा वापरला तर दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळतात आणि उलट विश्वास वाढतो.

४१,००० फुटांवर असताना एकेक करून दोन्ही इंजिनं बंद पडली. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून ६९ जण होते. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना मॅनिटोबातल्या गिमली गावचा हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. त्या धावपट्टीचा एक भाग तोवर मोटारशर्यतींसाठी वापरला जात होता आणि त्या दिवशी तिथे शर्यतवाल्यांची कुटुंबं जमली होती. इंजिनाविना तरंगत आलेलं ते अवाढव्य विमान तिथे उतरलं. काहींना किरकोळ इजा झाल्या, जीव कोणाचाही गेला नाही. विमान दुरुस्त होऊन पुढे अनेक वर्षं उडत राहिलं. विमानांच्या इतिहासात ते 'गिमली ग्लायडर' म्हणून ओळखलं जातं.

पहिल्या सूत्राने जे दिलं, तेच दुसऱ्याला हवं होतं का, हा प्रश्न बीजगणिताच्या पुस्तकात विचारला जात नाही. तिथे सगळ्या संख्या नुसत्या संख्या असतात. मीटर आणि कार्ड यांची जागा बदलून ०.६ × (१० × क्ष + १) + ०.१ असं लिहिलं तर कागदावर ६ × क्ष + ०.७ हे उत्तर निमूट मिळतं. ते रुपयांना किलोमीटर समजून काढलेलं उत्तर आहे, अर्थ काहीच नाही. कागद मात्र हरकत घेत नाही.

क्रम बदलल्यावरही अर्थ शिल्लक राहतो, अशी उदाहरणं दुकानात सापडतात. हजार रुपयांच्या वस्तूवर १० टक्के सूट आहे आणि शिवाय शंभर रुपयांचं कूपन आहे. आधी कूपन वापरलं तर नऊशेवर १० टक्के सूट, द्यायचे ८१०. आधी सूट घेतली तर नऊशेतून शंभर वजा, ८००. दहा रुपयांचा फरक कुठून आला? आधी वजा केलेल्या शंभरांवरही सुटीचा गुणाकार चालला आणि त्यांचे नव्वदच राहिले. पुन्हा तोच अ × त. दोन्ही सवलती टक्क्यांत असत्या तर बेरजेचे आकडे शून्य झाले असते आणि क्रमाने काही बिघडलं नसतं. म्हणूनच १० टक्के सूट आधी की १८ टक्के जीएसटी आधी, याने गिऱ्हाइकाच्या रकमेत फरक पडत नाही. शंभर रुपयांचं कूपन आधी की जीएसटी आधी, याने अठरा रुपयांचा पडतो. बिलावरच दाखवलेली सूट आधी वजा करून उरलेल्या किमतीवर कर लावायचा, हे २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या १५व्या कलमाने ठरवून टाकलं आहे. संयोजनाचा क्रम इथे संसदेने लिहून दिला.

मग बेरजेचे आकडे असूनही क्रमाने फरक पडत नाही, असं कधी होतं का? होतं. २ × क्ष − ३ आणि ३ × क्ष − ६ ही दोन सूत्रं कशीही जोडली तरी ६ × क्ष − १५ च येतं. दोन्हींत ३ घालून पाहिलं की कारण उघडं पडतं: दोन्ही सूत्रं ३ ला जागचा हलवत नाहीत. एक सूत्र ३ पासूनचं अंतर दुप्पट करतं, दुसरं तिप्पट. आधी दुप्पट मग तिप्पट काय, उलट काय, सहापटच होणार. चढ एक नसलेल्या प्रत्येक रेषीय सूत्राला असा नेमका एक स्थिर बिंदू असतो. सेल्सिअस-फॅरनहाइट सूत्राचा तो उणे ४० आहे. तेवढ्या थंडीत कोणती पट्टी, हे विचारायची गरज पडत नाही.

सूत्रं उलटी चालवण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मधल्या ग्रंथात त्याचा नियम दिला. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या लीलावतीत त्याला व्यस्तविधी म्हटलं आहे. नियम असा: दिलेल्या उत्तरापासून निघायचं, शेवटची क्रिया आधी उलटवायची आणि पहिली सर्वांत शेवटी, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ.

लीलावतीतलं त्याचं उदाहरण गाजलेलं आहे. एका संख्येला तिनाने गुणलं, गुणाकाराचे तीन चतुर्थांश त्यातच मिळवले, साताने भागलं, भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला, राहिलेल्याचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं आणि २ आले. तर संख्या कोणती? उलट जायचं तर दोनाचे वीस, विसातून आठ गेले बारा, बाराचा वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, त्याचं मूळ १४. इथपर्यंत सोपं. पुढे पाय घसरायची जागा आहे. 'स्वतःचा एक तृतीयांश वजा' याची उलट क्रिया 'स्वतःचा एक तृतीयांश मिळवा' ही नव्हे. निम्मा मिळवावा लागतो. चौदाचे एकवीस होतात. तसंच 'तीन चतुर्थांश मिळवा' याची उलट क्रिया 'तीन सप्तमांश वजा करा' ही आहे. आपल्याच अंशाची बेरीज-वजाबाकी असेल तर छेद बदलून घ्यायचा, हे भास्कराचार्यांनी नियमातच बजावून ठेवलं आहे. एकवीस साती १४७, त्यातून त्याचे तीन सप्तमांश म्हणजे ६३ गेले, ८४. तिनाने भागले, २८.

आधुनिक विद्यार्थ्याने या कोड्यातल्या पहिल्या चार पायऱ्या जोडून पाहाव्यात. तीनपट, मग पावणेदोनपट, मग सातवा भाग, मग दोन तृतीयांश. सगळ्यांचा गुणाकार येतो एक द्वितीयांश. एवढा घाट घालून भास्कराचार्यांनी विचारलेल्या संख्येचं नुसतं अर्ध केलं होतं! २८ चे १४. उलटा हिशोबही चार पायऱ्यांचा उरत नाही: १४ ची दुप्पट. कोड्यातलं वळण वर्गापाशी आणि वर्गमुळापाशी आहे; रेषीय पायऱ्या कितीही लावल्या तरी त्या मिटून एकच होतात.

एकच सूत्र स्वतःशी वारंवार जोडलं, की कर्जाचा हप्ता तयार होतो. एक लाख रुपये, वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का व्याज, बारा हप्त्यांत फेड. दर महिन्याला बाकी १.०१ ने गुणली जाते आणि हप्त्याचे ८,८८५ रुपये वजा होतात. दोन महिने जोडले तर १.०२०१ × बाकी − १७,८५८.८५. दोन हप्त्यांची बेरीज १७,७७० असताना वरचे ८८.८५ कुठले? पहिला हप्ता महिनाभर आधी भरला, त्याचं व्याज वाचलं, ते. इथेही आतल्या आकड्यावर बाहेरचा गुणाकार लागला, फक्त या वेळी ऋणकोच्या बाजूने. सूत्र बारा वेळा जोडलं की लाखाची बाकी शून्यापाशी येते, दीड रुपया जास्तच भरला जातो.

या सूत्रालाही स्थिर बिंदू आहे: ८,८८,५०० रुपये. बाकी नेमकी इतकी असेल तर महिन्याचं व्याज बरोबर ८,८८५ होतं, हप्ता ते गिळतो आणि मुद्दल जन्मभर तसंच राहतं. बाकी त्याहून थोडी जास्त असेल, तर नेमाने हप्ते भरूनही कर्ज वाढत जातं. व्याजदर चढले की हा बिंदू खाली सरकतो. बदलत्या दराच्या कर्जांत नुसती मुदत वाढवत नेली, तर काही कर्जदार नकळत त्याच्या पलीकडे जाऊ शकतात. मुदत लांबवताना असं व्हायला नको, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बजावलं आहे.

रेषीय पायऱ्या मिटून एक होतात ही सोय आहे, तशी ती अडचणही ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुळाशी असलेल्या न्यूरल नेटवर्कमध्ये थरांवर थर असतात. प्रत्येक थर आलेल्या संख्यांना काही वजनांनी गुणतो आणि काही संख्या मिळवतो. एका थराऐवजी शंभर लावले तर शंभरपट ताकद यावी, असं वाटतं. पण हे एवढंच केलं तर शंभर थरांचं संयोजन म्हणजे पुन्हा एकच थर. सगळा यंत्रखर्च वाया.

म्हणून दोन थरांच्या मध्ये मुद्दाम वाकडेपणा घालावा लागतो. पुष्कळदा वापरली जाणारी युक्ती, रेल्यू, अगदी बाळबोध आहे: संख्या ऋण असेल तर शून्य, नसेल तर जशीच्या तशी. २०१२ मध्ये चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत ॲलेक्सनेट नावाच्या ज्या नेटवर्कने इतरांना मोठ्या फरकाने मागे टाकलं, त्यात थरांच्या मध्ये हाच नियम बसवलेला होता. त्याने काय साधतं हे लहानशा उदाहरणात दिसतं. एखाद्या संख्येचं चिन्ह टाकून नुसती किंमत सांगायची आहे, ७ असो की उणे ७, उत्तर ७ हवं. रेषीय सूत्रं कितीही जोडली तरी हे जमणार नाही, कारण आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे. आता पहिल्या थरात त्या संख्येला एकदा १ ने आणि एकदा उणे १ ने गुणायचं, दोन्ही उत्तरं रेल्यूमधून काढायची आणि दुसऱ्या थरात त्यांची बेरीज करायची. उणे ७ घातले तर एका बाजूने ०, दुसऱ्या बाजूने ७. बेरीज ७.